मूठमाती

शेवटचा हप्ता गेल्या मार्चमध्ये भरला.
ओसोर्नोच्या बँकेतल्या पोरीनं शिक्का मारता मारता विचारलं,
पदवी कसली होती, सेन्योरा?
पदवी नव्हती, म्हटलं. अडीच वर्षं होती.
तिनं पुढचा नंबर पुकारला.

वाल्दिव्हियाला पूल ओलांडून बेटावर गेलं
की झाडांच्या मागे आमची पत्र्याची शेड:
मृदाशास्त्र, दुसरं वर्ष, मुलं अकरा,
एक शेगडी, तिचा निम्मा धूर आत.
माझ्यात आणि यास्ना ओहेदात गमबुटांचा एक जोड.
ती शेतावर गेली की मी टिपणं काढायची,
मी गेले की ती.
म्हणून निम्म्या जमिनी मला अजून
तिच्या तिरक्या अक्षरातच माहीत आहेत.

वेंचुलाफ बाई म्हणायच्या, डोळ्यांना विचारू नका,
डोळा ओल्या मातीला भुलतो.
बोटांना विचारा.
बोटं गोंधळली तर दातांना.

मग आम्ही माती खायचो.
रेती दाताखाली करकरते.
गाळ पिठासारखा, जिभेवर विरतो.
चिकणमाती काहीच सांगत नाही, नुसती चिकटते.
निवाल्दो प्रत्येक मातीला "लोण्यासारखी" म्हणायचा
आणि प्रत्येक वेळी नापास व्हायचा.
लाळेनं भिजवायची, अंगठ्यानं दाबत पट्टी काढायची,
तुटेपर्यंत मोजायची.
"पुरावा?" बाई विचारायच्या.
आम्ही मूठ उघडून दाखवायचो.

मग लाकडाची गिरणी बंद पडली. बाबा घरी बसले.
जुलैच्या सुट्टीत मी फुत्रोनोला गेले
आणि गमबूट यास्नाकडेच राहिले.
शिक्षणाला मूठमाती मिळाली, गवगवा न होता.
मग बसस्टँडची खिडकी. तेवीस वर्षं.

खिडकीतून दिसतं ते फार नसतं:
हात, नोटा, कधी बाकावर टेकवलेला बूट.
तांबडी चिकट माती असेल तर किनाऱ्याकडच्या डोंगरातला.
काळी, भुसभुशीत, फुंकरीनं उडणारी, तर तळ्यांकडचा.
एकदा एका म्हाताऱ्याला त्यानं तोंड उघडायच्या आत
त्याच्या गावाचं तिकीट फाडून दिलं.
तो घाबरून क्रूस करत गेला.
एवढाच उपयोग झाला, असं मी सांगायचे. लोक हसायचे.

या ऑगस्टमध्ये बाबा गेले.
फुत्रोनोची दफनभूमी उतारावर आहे.
पाद्री थांबला, भावानं माती टाकली, मग आत्यांनी, मग मी.
म्हणजे, टाकायला हवी होती.
मूठ उघडेचना.
अंगठा चालू लागला होता.
मी थुंकी लावली, सगळ्यांदेखत,
बाबांच्या वाट्याची माती बोटांत मळली,
पट्टी काढली. निघालीच नाही, पिळताना भुगा झाला.
ओर्तेन्सिया आत्या दुसरीकडे बघू लागली.

आई जवळ आली. ओरडेल वाटलं.
आमचं खालचं शेत न्यादीचं, दलदलीचं.
हिवाळाभर तिथे गुडघाभर पाणी,
बटाटे सडायचे, एका वर्षी वासरू बुडालं.
आईनं माझ्या मुठीकडे पाहत हळूच विचारलं,
पाणी साचेल का गं, त्याच्यापाशी?

नाही, म्हटलं. ही त्रुमाओ आहे,
ज्वालामुखीची राख. हिच्यात पाणी थांबत नाही.
झिरपून जाईल.
खात्री?
मी मूठ उघडून दाखवली.
तिनं चिमूटभर घेतली, चोळली,
तिला काय कळणार होतं, पण चोळली,
आणि मान हलवून उतारावरून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला खिडकीत होते.
सुटे पैसे उचलताना एक पोरगा म्हणाला,
पाठीवर सॅक, वाल्दिव्हियाचं तिकीट, एकेरी,
सेन्योरा, तुमच्या नखांत माती आहे.
हो, म्हटलं.
फलाट चार. डावीकडे बस, नदी दिसते.